मळ्याचा नियम घराला लावला तेव्हा

आमच्या पानमळ्यात कुणी पायात जोडा घालून शिरत नसे. मळ्याच्या ताटीशी, म्हणजे कुडाच्या दाराशी, पाण्याचा रांजण पुरलेला होता. तिथं हातपाय धुवायचे, मग आत पाऊल टाकायचं. पाटील आला तरी तेच, तहसिलातला साहेब आला तरी तेच. एक साहेब बूट काढायला तयार होईना, तर माझ्या बापानं त्याला ताटीबाहेरूनच वेल दाखवले, वर चार पानं खायला दिली आणि रामराम केला.

लोकांना वाटायचं, बारी लोक पानवेलीला देवी मानतात म्हणून हे सोवळं. मानतो आम्ही, खोटं कशाला बोलू. पण बापानं मला दुसरं कारणही सांगितलं होतं. वेलाला मर लागते. आज हिरवागार दिसणारा वेल बुडाशी काळा पडतो, पानं मान टाकतात आणि बघता बघता अख्खी ओळ जाते. एका मळ्यात मर लागली की तिथली माती कुणाच्या तरी पायाला चिकटून दुसऱ्या मळ्यात जाते. म्हणून ज्याच्या मळ्यात मर, तो आपण होऊन दुसऱ्याच्या मळ्याकडे फिरकत नसे. बोलायचं असलं तर बांधावरून हाक मारायचा. त्यात कुणाला अपमान वाटत नव्हता.

मी दुसरीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. तरी हे लिहायला बसलो, कारण हिवाळा लागला की दरसाल गावात तापखोकल्याची साथ येते आणि दरसाल आमच्या घरची मंडळी माझी एक गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. सांगणाऱ्यातले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. झालं कसं ते मी सांगतो, मग हसायचं त्यानं हसावं.

आधी माझ्या मायचं सांगितलं पाहिजे. मानमोडीची साथ आली त्या साली मला मिसरूड फुटत होतं. मानमोडी हे नाव लोकांनीच दिलं, कारण चालताबोलता माणूस मान टाकायचा. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की समाचाराला जावं लागतं. उशाशी बसायचं, कपाळाला हात लावायचा, त्या घरचं घोटभर पाणी तरी प्यायचं. गेलं नाही तर नातं तुटतं. माझी माय नात्याला फार जपणारी. भाऊबंद, शेजारी, सगळ्यांच्या घरी ती जाऊन बसली, ज्याच्या त्याच्या गडव्यानं पाणी प्यायली. मग ती पडली. तिच्या समाचाराला यायला आमच्या आळीत उभं माणूस उरलं नव्हतं.

तिला पोचवून आल्यावर बाप मळ्याच्या ताटीशी बसला आणि एवढंच म्हणाला, "मळा सांभायला, घर नाई सांभायलं." माझ्या डोक्यात ते बसलं.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. बाप गेला, मळा माझ्याकडे आला. मला एकच लेक. ती कामरगावला दिली होती, आमच्यासारख्याच पानमळेवाल्यांत. मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्या दिवसांत ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतपण अवघड गेलं. सुईण सुद्धा घाबरली होती. मुलगा झाला, पण लेकीच्या अंगात रक्त असं राहिलं नाही. उठून बसली तरी डोळ्यापुढं अंधारी यायची. पोरगंही एवढंसं, रडलं तर मांजराचं पिल्लू वाटायचं. सुईण जाताना म्हणाली, "या दोघाइले आता वाराही नका लागू देऊ."

आणि नेमकी तेव्हाच साथ सुरू झाली.

मला ती आधी कळली ती आमच्या मोटेवरच्या गड्यामुळं. दांडगा माणूस. सकाळी मोट जुंपली तेव्हा गाणं म्हणत होता. दुपारी बैलांच्या उतारावर, धावेवर, बसला आणि उठेना. म्हणाला, "मालक, पाठीवर कोनं तरी लाठ्या मारल्यावानी वाटून राह्यलं." हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि दातावर दात वाजत होते. नाक कोरडं. खोकला कोरडा. डोळ्यांच्या मागं ठणकतं म्हणाला. त्याला मी बैलगाडीत टाकून त्याच्या घरी नेला.

माझी बायको म्हणाली, "हिवाया हाय, पडसं झालं असन. सुंठ द्या."

मी म्हटलं, "पडसं असं येत नाई."

"मंग कसं येते? तुमी डाक्टर झाले काय आता?"

डॉक्टर नव्हतो, पण दोन्ही पाहिलेली होती. पडसं पाहुण्यासारखं येतं. आधी शिंका पाठवतं, मग नाक गळतं, घसा खवखवतो, आणि माणूस कुरकुरत का होईना मोट हाकतो. हा दुसरा ताप दरोडेखोरासारखा येतो. सकाळी धड असलेला माणूस संध्याकाळी खाटेवर. हाडं न् हाडं दुखतात, डोकं फुटतं, अन्न नको होतं, आणि ताप गेल्यावरही माणसाला आठ-पंधरा दिवस तांब्या उचलायचा कंटाळा येतो. मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर त्याला इन्फ्लुएंझा म्हणायचे. मला ते नाव तोंडात धरता येत नसे. मी मानमोडीची लहान बहीण म्हणायचो. दरवेळी ती माणसं मारते असं नाही. धडधाकट माणूस पडून राहिला, पाणी पेज घेतली, तर उठतो. पण म्हातारं, तान्हं आणि बाळंतीण यांच्याशी तिचं वैर.

दुसरी खबर पानाच्या व्यापाऱ्यानं आणली. मंगरूळपीरात दर्ग्याच्या वाटेवर त्याचं दुकान होतं, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. दर आठवड्याला टोपल्या न्यायला तो मळ्यावर यायचा आणि आल्यावर आधी गळाभेट, मग धंदा. त्या दिवशी तो ताटीपासून दूर, चिंचेखाली थांबला. तोंडाला रुमाल बांधलेला.

"भाई, आज गला नाई मिलवत," तो ओरडला. "घरात तिघं बुखारमंदी हायेत. डाक्टरनं सांगतलं, खोकलाच फैलवते म्हने ही बिमारी. तोंडावर कपडा ठेव, हात धू, आनि गर्दी नको करू."

"तू कसा हायेस?"

"मी ठीक हाव. पन उद्याचं कोनं पाह्यलं? टोपल्या तिथंच ठेव, मी उचलतो." मग जाता जाता म्हणाला, "तुह्या पोरीच्या सासरीकडं तर घरंच्या घरं पडली हायेत. कामरगावहून गाडीवाला आलता, त्यानं सांगतलं."

त्या दिवशी संध्याकाळी मी घराला मळ्याचा नियम लावला.

अंगणाच्या फाटकाशी तांब्याचं घंगाळ पाण्यानं भरून ठेवलं, बाजूला साबणाचा तुकडा. घरात येणाऱ्यानं हात धुवायचे, मनगटापर्यंत, नुसते भिजवायचे नाहीत. ज्याला खोकला, ज्याचं अंग कसकसतं, त्यानं फाटकातच थांबायचं, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना. बाळंतिणीच्या खोलीत फक्त माझी बायको जाईल, आणि तिनं समाचाराला कुणाच्या घरी जायचं नाही. लेकीचा गडवा वेगळा, पेला वेगळा.

खोलीवरून मोठं भांडण झालं. बायकोनं खिडकीला पोती कोंबली होती, आत शेगडी पेटलेली, धुरानं लेक खोकत होती. तिच्या त्या खोकल्यानंच माझा जीव खाली-वर झाला होता. मी वरच्या अंगाची पोती काढली.

"वारा लागन तिले!"

"वाऱ्यानं नाई मरत मानूस. धुरानं कोंडून मरते. बाज कोपऱ्यात सरकव, म्हंजे अंगावर वारा येत नाई."

"तुमच्या मायनं काढली असती काय खिडकीची पोती?"

"माह्या मायचं नाव काढू नको," मी म्हणालो. बाज मात्र तिनं सरकवली.

आता राहिलो मी. मला बाजाराला जावंच लागायचं. पानं खुडली की ठेवता येत नाहीत. बाजारात सतरा गावची माणसं, कोण कुठून काय घेऊन येतं कुणाला ठाऊक. म्हणून मी मळ्यातल्या झोपडीत राहायला गेलो. बायको फाटकाशी भाकर आणून ठेवायची. नातवाला मी तोवर मांडीवर घेतलं नव्हतं. खिडकीतून बायको त्याला वर धरायची आणि मी अंगणातून बघायचो. नाक माझ्या बापाचं होतं.

गावात बोभाटा झाला. बाऱ्याचं डोकं फिरलं, तो माणसाला मर लागते म्हणतो. पारावरची मंडळी चिलीम ओढत बसलेली असायची, एकच चिलीम, तिला गुंडाळलेली एकच ओली छापी, या तोंडातून त्या तोंडात. मला हाक मारायचे, "ये ना गा, का आमी इटायलो?" मी म्हणायचो, "तुमी नाई, तुमची छापी." त्यांच्यातले निम्मे पुढल्या आठवड्यात पारावर नव्हते, घरी गोधडीत होते. मी समाचाराला गेलो नाही. ज्याच्या घरात करणारं कुणी नव्हतं, त्याच्या ओट्यावर पेजेचं भांडं आणि लिंबं ठेवून आलो, दारातून विचारलं आणि निघालो. काही जण त्यासाठी माझ्यावर शेवटपर्यंत रागावलेले होते, आता ते या जगात नाहीत.

मग बारशाचा दिवस जवळ आला.

आमच्यात बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ती कुर्र करते आणि नाव सांगते, आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. जावयाला बहीण नव्हती. म्हणून बाळाची आजी, म्हणजे माझी विहीणबाई, स्वतः येणार होती. साथीच्या गावातून, आणि येऊन तान्ह्याच्या कानाला तोंड लावणार. मी चाचाकडून निरोप पाठवला, की बारसं पुढं ढकलू. निरोप पोचला की नाही कुणास ठाऊक. ठरल्या दिवशी सकाळी बैलांची दमणी येऊन फाटकाशी उभी राहिली.

विहीणबाईंबद्दल दोन शब्द सांगतो. उंच बाई, नवरा लवकर गेला, दीर लहान, तिनं एकटीनं मळा चालवला. आवाज असा की मळ्यात माकडं आली तर गोफण लागत नसे, ती एकदा ओरडली की माकडं शीव ओलांडायची. माझ्यासारखीच हट्टी. पोरांची सोयरीक ठरवतानाच आम्हा दोघांत ती तीनदा मोडत आली होती.

ती दमणीतून उतरली ती चाकाला धरून. डोळे लाल. डोक्यावरून लुगडं कानापर्यंत ओढलेलं, ऊन असून. कमरेवर हात ठेवून ती सरळ झाली आणि कोरडी खोकली. मी घंगाळाशी उभा होतो. मी पुढं झालो नाही, फाटकाला अडसर घातला.

"इहीनबाई, तब्येत कशी हाय?"

"तब्येतीले काय धाड भरली? दमणीनं आंग ठेचलं. फाटक उघडा."

"थंडी वाजून राह्यली?"

"सकाऊन वाजली थोडी. हिवाया हाय, वाजन नाई तर काय. इवाईबुवा, फाटक उघडा म्हनलं ना."

मी म्हणालो, "नाई उघडत."

माझी बायको ओसरीवर आली होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि जागीच बसली. आळीतल्या बायका बारशाला म्हणून निघाल्या होत्या, त्या आपापल्या दारात थबकल्या. विहिणीला फाटकात अडवणं म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. लेकीचं नांदणं तिच्या हातात होतं.

"काय म्हनले?" विहीणबाई हळू बोलल्या. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तुमाले ताप हाय. पोरगी अजून धड उभी राहात नाई, पोट्टं एवढंसं हाय. तुमी बऱ्या झाल्या की घर तुमचंच हाय. आज नाई."

"माह्या लेकाचं पोट्टं हाय ते! माह्या वंशाचं! आनि मी दारात?"

"मीबी दारातच हाव. इचारा तुमच्या इहीनीले, मी अजून नातवाले हात नाई लावला. मळ्यात निजतो."

"तुमी निजा नाई तर झाडावर राहा!" आता आवाज चढला. "गाडी फिरव रे! ठेवा तुमची लेक तुमच्या घरी. पोट्टं मोठं झालं की पाठवून देजा, लेक ठेवून घ्या जन्मभर!"

बायको ओसरीवरून रडत म्हणाली, "अवो, उघडा ना फाटक! पोरीचं वाटोयं करता काय?"

गाडीवाल्यानं बैलांना हात घातला. मी अडसर धरून उभा. माझ्या मनात काय आलं ते सांगतो: नांदणं मोडलं तर लेक रडेल, पण असेल. दुसरं काही मनात आलं नाही.

मग मी विचारलं, "इहीनबाई, एक सांगा अन् मंग गाडी फिरवा. माह्या मळ्यात मर लागली, आनि मी तसाच जोड्यासकट तुमच्या मळ्यात शिरलो, तर तुमी काय करसान?"

"तंगडं मोडीन," त्या ताडकन म्हणाल्या.

"मी इवाई असलो तरी?"

"इवाई असो का इवायाचा बाप असो."

एवढं बोलून त्या थांबल्या. माझ्याकडं पाहिलं, मग घंगाळाकडं, साबणाच्या तुकड्याकडं. पुन्हा खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. त्यांनी फाटकाबाहेरच्या कडुनिंबाच्या बुंध्याला हात टेकला. गाडीवाला बैल धरून तसाच उभा.

"कानात नाव सांगतलं नाई तर नाव लागत नाई," त्या म्हणाल्या, पण आता त्यात राग नव्हता, कुरकूर होती.

तेव्हा आतून, खिडकीतून, माझ्या लेकीचा आवाज आला. बारीक, दमलेला. "आत्याबाई, तिथूनच सांगा ना. तुमचा आवाज तर कामरगावहून आयकू येते."

सुनेनं सासूला असं म्हणायची पद्धत नव्हती. मग विहीणबाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. त्या हसल्या, आणि हसता हसता खोकल्या.

"आन त्याले खिडकीत," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

बायकोनं बाळाला खिडकीत धरलं. विहीणबाई कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले, तोंडावर पदर घेतला, आणि माकडं हाकलायच्या आवाजात कुर्र केलं. मग नाव सांगितलं. अंगण, आळी, पार, सगळ्यांनी ऐकलं. पोरगं दचकून जन्मात पहिल्यांदा खणखणीत रडलं. धपाटे घालायला त्यांच्याजवळ मी कुणाला जाऊ दिलं नाही, म्हणून बायकांनी आपापल्या दारात एकमेकींच्याच पाठीत घातले. नाव मी इथं लिहीत नाही. तो आता नोकरीवर आहे आणि त्याला ही गोष्ट चारचौघांत निघालेली आवडत नाही.

त्या दिवशी विहीणबाई परत गेल्या नाहीत, कारण जाऊ शकल्या नाहीत. दमणीकडं चार पावलं गेल्या आणि खालीच बसल्या. मी मळ्यातली झोपडी मोकळी केली, पाचटाचं अंथरूण घातलं, वर घोंगडी. शेजारची एक म्हातारी नुकतीच याच तापातून उठली होती, ती त्यांच्याजवळ राहिली. एकदा होऊन गेलेल्याला तोच ताप लगेच पुन्हा धरत नाही असं मी पाहत आलो होतो. मी ताटीबाहेर मांडव टाकून राहिलो. पाणी, पेज, लिंबाचं सरबत, सगळं ताटीशी ठेवायचं आणि म्हातारी उचलायची. वापरलेले गडवे ती उकळत्या पाण्यात टाकायची. मळ्यात शिरायच्या आधी विहीणबाईंनी त्या तापातही रांजणाशी बसून हातपाय धुतले होते. मी नको म्हणत होतो.

ताप उतरला. लगेच त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "चला, आता पोट्टं दाखवा."

"आतून मोकयं व्हायले अजून येळ हाय. पडून राहा."

"तुमी मले माह्या घरात तरी जाऊ देसान का?"

पण दुसऱ्या सकाळी ताप पुन्हा चढला, आणि म्हातारीनं मला ताटीशी बोलावून सांगितलं, की श्वास भराभर चालला आहे, बरगडीत दुखतं म्हणते. मानमोडीत मी हे पाहिलं होतं. ताप उतरून पुन्हा चढला, किंवा श्वास लागला, किंवा ओठ निळे दिसले, की घरचे काढे ठेवून द्यायचे आणि दवाखाना गाठायचा. मी दमणी जुंपायला लावली आणि मंगरूळपीरला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, फुप्फुसाला सूज आली म्हणाले, ठेवून घेतलं. तेव्हा नव्या गोळ्या निघाल्या होत्या, त्या दिल्या. जावई येऊन मायजवळ राहिला. तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोलायला गेलो नाही.

बऱ्या होऊन त्या परस्पर कामरगावला गेल्या. नातवाला हात न लावता. आमच्याकडं निरोप नाही, काही नाही.

इकडं लेक सुधारली. शेगडीजवळ बसून भाकरी थापू लागली. पोरगं गुबगुबीत झालं. गावातली साथ ओसरली, घंगाळ मी पुन्हा न्हाणीत ठेवलं आणि नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. त्यानं लगेच धोतर ओलं केलं. पण सासरहून लेकीला न्यायला यायची रीत होती ती वेळ टळून गेली. कामरगावहून गाडी आली नाही. बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट सरकवायची आणि निघून जायची. लेक काही म्हणत नसे, पण वाटेवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की हातातलं काम थांबवायची. ते मला बायकोच्या अबोल्यापेक्षा जड जायचं.

शेवटी मी स्वतः निघालो. माफी मागायला नाही. मी काही चुकीचं केलं नव्हतं आणि आजही तसं म्हणत नाही. पण विचारायला तर हवं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मला शिंका सुरू झाल्या, नाक गळायला लागलं. साधं पडसं. अंग दुखत नव्हतं, ताप नव्हता, भाकर गोड लागत होती. मी पानाची एक टोपली घेतली आणि गेलो.

कामरगावात त्यांच्या वाड्याच्या दाराशी पोचलो, तर दाराशी घंगाळ.

पाण्यानं भरलेलं. बाजूला साबण. आत ओट्यावर विहीणबाई बसल्या होत्या, पहिल्यापेक्षा वाळलेल्या, पण ताठ. मी हात धुतले. पाय धुतले. मग उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच शिंक आली.

"थांबा तिथंच!" सगळ्या आळीतली कुत्री उठली.

"इहीनबाई, हे पडसं हाय. नाक वाहून राह्यलं, पाहा. ताप नाई, आंग दुखत नाई. त्या बिमारीत—"

"मले नका शिकवू. पडसं असो का मानमोडी असो, आत माही जाऊ तापानं पडेल हाय, घरभर लेकरं हायेत. बाहेर बसा."

"मी इवाई हाव तुमचा."

"इवायाचा बाप असता तरी बाहेरच बसवला असता."

मी बाहेर बसलो. त्यांनी एक पोतं फेकलं बसायला. मग ओट्यावरूनच सांगितलं. गाडी का पाठवली नाही, तर त्या दवाखान्यातून घरी येतात न येतात तोच घरात एक एक करून सगळे पडले होते. आधी धाकटा दीर, मग पुतणे, आता जाऊ. अशा घरात बाळंतिणीला आणि तान्ह्याला आणायचं कसं?

"निरोप तरी पाठवायचा," मी म्हणालो.

"कोनाच्या हाती? येनारा-जानारा खोकतच होता. आनि तुमी तरी निरोपाची वाट कायले पाहिली? तुमाले वाटलं, मी रुसून बसली."

मी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

"रुसली होती," त्या म्हणाल्या. "पन त्याच्यानं गाडी नाई थांबवली. जाऊ उठून कामाले लागली, आनि मांगून कोनी पडलं नाई, की गाडी येते. पोरीले सांगा. आनि पोट्ट्याले गार पान्यानं नका आंघोयी घालू, तुमच्या घरी काही धड नाई."

मग जेवायला आलं. ताट एका पोरीनं आणून माझ्यापासून लांब जमिनीवर ठेवलं आणि पळाली. गडवा वेगळा. गडव्याला खूण म्हणून दोरा बांधला होता. मी, पोरीचा बाप, इवाई, पानमळ्याचा मालक, भर दुपारी वाड्याबाहेर पोत्यावर बसून जेवलो, आणि येणारे-जाणारे बघत होते. राग आला होता, नाही कशाला म्हणू. जेवण झाल्यावर गडवा मी त्यांच्या घंगाळापासून दूर, ओट्याच्या कोपऱ्यात उपडा ठेवला. पानाची टोपली ठेवली. विहीणबाईंनी ओट्यावरून हात केला, मी रामराम केला आणि गाडी जुंपली.

घरी आलो तेव्हा लेक पोराला घेऊन फाटकाशी उभी होती. तिनं काही विचारायच्या आधी मी म्हटलं, "येते गाडी. त्याइच्या घरातली सारी उभी झाली की येते."

मग शिंकलो, आणि तिला म्हटलं, पोरगं आत ने.